‘माझं आय वेचाले गेलं’

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका तपासून द्यायच्या असतात. आमची शाळा झरी-जामणी तालुक्यात. खिडकीबाहेर पऱ्हाटी पांढरी झालेली आणि वर्गात निम्मी पोरं गैरहजर, असे ते दिवस. सहावीला निबंधाचा विषय होता ‘माझी आई’. एका मुलीने पहिलंच वाक्य लिहिलं होतं : ‘माझं आय वेचाले गेलं.’

आई कापूस वेचायला गेली आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. मी लाल पेनाने तीन गोल केले. ‘माझं’वर एक, ‘वेचाले’वर एक, ‘गेलं’वर एक. पाचपैकी दोन गुण दिले आणि पुढची उत्तरपत्रिका उचलली. तेव्हा मला मराठी शिकवायला लागून बारा वर्षं झाली होती. असे गोल मी हजारोंनी केले असतील.

त्याच गठ्ठ्यात पुढे आणखी एका मुलाची आजी ‘आलं’ होती आणि दुसऱ्या एकाची बहीण ‘पडलं’ होती. बाप मात्र कुणाचाच ‘गेलं’ नव्हता. बाप सगळीकडे ‘गेला’, भाऊ ‘आला’, मामा ‘बसला’. मी पेन खाली ठेवला. चूक बेशिस्त असते, असा माझा समज होता. इथे तर चूक ओळीने, शिस्तीत चालली होती. ती मुलं सगळी एकाच कोलाम पोडावरची होती.

माझ्या पीएच.डी.ची सुरुवात त्या टेबलावर झाली. नोंदणी व्हायला पुढे दोन वर्षं लागली.

एका वाक्यात किती भाषा

यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, तालुके सोळा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. दारव्हा-नेरकडे गेलात की वऱ्हाडी ऐकू येते, तिच्यात ‘शाळा’ची ‘शाया’ होते आणि ‘मला’चं ‘मले’. दिग्रस, पुसद, महागावकडच्या तांड्यांवर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. तिचं नातं राजस्थानकडच्या बोलींशी. पांढरकवडा, मारेगाव, झरीकडे गोंडी आणि कोलामी. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, म्हणून नदीकाठच्या बाजारांत तेलुगूही चालते. गावोगाव उर्दू आहे, पारध्यांच्या बेड्यांवर त्यांची वेगळी भाषा आहे. आणि या सगळ्यांच्या पोरांसमोर पाठ्यपुस्तकातली मराठी घेऊन आम्ही भाषाशिक्षक उभे असतो.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. 2011 च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून नोंदवणारे सव्वा लाखाहून थोडे अधिक लोक होते, तेही महाराष्ट्र आणि आजच्या तेलंगणात विभागलेले. एवढ्या छोट्या भाषेचं व्याकरण जगाला कळलं ते मरे एमेनो या भाषावैज्ञानिकामुळे. 1930 च्या दशकात ते शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कोलामांमध्ये बसून नोंदी घेत होते. त्यांचं कोलामीवरचं पुस्तक 1955 मध्ये कॅलिफोर्नियात छापलं गेलं. आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर बोलली जाणारी भाषा समजून घ्यायला मला त्या पुस्तकापर्यंत जावं लागलं, आणि त्यात माझ्या तीन लाल गोलांपैकी दोहोंचं उत्तर होतं.

मराठीत तीन लिंगं. कोलामीत एकवचनात भेद दोनच : पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. बाई, गाय, झाड, दगड यांना एकच सर्वनाम लागतं, क्रियापदाचं रूपही एकच. गोंडीतही रचना अशीच आहे. त्या भाषेत वाढलेलं मूल मराठी शिकतं तेव्हा पुरुषासाठी ‘गेला’ त्याला लगेच सापडतं, कारण तसा कप्पा त्याच्या डोक्यात तयार असतो. उरलेल्या एका कप्प्यासाठी मराठी त्याच्यापुढे ‘गेली’ आणि ‘गेलं’ अशी दोन रूपं ठेवते. त्यातलं एक ते उचलतं. आईला ‘गेलं’ म्हणणारी ती मुलगी मराठीचं व्याकरण मोडत नव्हती, स्वतःचं व्याकरण पाळत होती.

तिसरा गोल ‘वेचाले’वर होता. ती तर सरळ वऱ्हाडी, तालुक्यातल्या बाजारात, एसटीत, धुऱ्यावर ऐकू येणारी. त्या मुलीचा मराठीशी पहिला परिचय त्या बोलीतूनच झाला होता. पुस्तकातली मराठी तिच्यासाठी तिसरी. अकरा वर्षांच्या मुलीने चार शब्दांत तीन भाषांचा मेळ घातला होता आणि मी तिला पाचपैकी दोन दिले होते.

‘खुर्ची’ला ‘कुर्ची’ आणि ‘फळ’ला ‘पळ’ लिहिणाऱ्या मुलांचंही तेच. कोलामीच्या मूळ उच्चारव्यवस्थेत ख, फ, भ यांसारखे महाप्राण वेगळे अर्थ दाखवायला वापरले जात नाहीत. कानाला जो फरक ऐकायची सवय नाही, तो हाताने लिहायचा कसा? आम्ही अशा मुलांना शुद्धलेखनाच्या दहा दहा ओळी द्यायचो. गरज होती ती कानाला फरक ऐकवण्याची.

पेट, गाईड, आरआरसी

नोकरी करत पीएच.डी. करणाऱ्यांची एक बोली तयार झाली आहे. ‘पेट निघाली का?’, ‘गाईड मिळाला का?’, ‘आरआरसी कधी आहे?’, ‘सबमिट केलं का?’ भेटीगाठीत एवढे चार प्रश्न विचारले की समोरचा माणूस कुठवर पोचला ते कळतं. पेट म्हणजे प्रवेशपरीक्षा. ती झाली की मार्गदर्शक शोधायचा. मग आराखडा लिहायचा आणि विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीपुढे, म्हणजे आरआरसीपुढे, तो मांडायचा. त्यानंतर कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल आणि शेवटी प्रबंध व व्हायवा.

यवतमाळ जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. 1983 मध्ये हे विद्यापीठ झालं नसतं तर आमचा हेलपाटा नागपूरचा असता. तरी पांढरकवड्याहून यवतमाळ आणि यवतमाळहून अमरावती हा दीडशे किलोमीटरच्या वरचा पल्ला आहे. पहाटेची एसटी पकडली तर कार्यालय उघडायच्या वेळी माणूस दारात असतो. एका सहीसाठी एक किरकोळ रजा जाते, आणि वर्षाच्या किरकोळ रजा मोजक्याच असतात.

माझी नोंदणी झाली तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2016 चे नियम लागू होते : कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, प्रबंधाआधी एक शोधनिबंध छापलेला आणि दोन परिषदांत वाचलेले. नोव्हेंबर 2022 मध्ये नवे नियम आले. एम.फिल. बंद झालं. शोधनिबंध छापून आणण्याची देशभराची सक्ती उठली. अर्धवेळ पीएच.डी.साठी मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, हे स्पष्ट झालं. मुदतवाढ दोन वर्षांची, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात.

नियम चांगले असले तरी शिक्षकाचा दिवस ते वाढवून देत नाहीत. साडेदहा ते पाच शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, मतदार याद्या, सर्वेक्षणं, मार्चमध्ये दहावीच्या उत्तरपत्रिका. माझं वाचन रात्री साडेनऊनंतर व्हायचं आणि लिखाण उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरशेजारी बसून. सहा वर्षांत दिवाळीच्या सहा सुट्ट्या टिपणं लावण्यात गेल्या. घरच्यांनी त्या मला दिल्या, हे मी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात लिहिलं आहे आणि इथेही लिहितो. पदवी मिळाल्यावर माझ्या पगारात एका रुपयाचा फरक पडला नाही. तो पडावा म्हणून मी ती घेतलीही नव्हती.

ना हरकत प्रमाणपत्राचा कागद मात्र मला विसरता येत नाही. तो सात महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. कुणाचा विरोध नव्हता, शिक्षकाला हे कशाला हवं एवढंच कुणाला कळत नव्हतं. ‘तुम्हाला प्राध्यापक व्हायचं आहे का?’ असं मला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. सहावीच्या वर्गातच राहून तो वर्ग समजून घ्यायचा आहे, या उत्तरासाठी अर्जात रकाना नव्हता.

कागदपत्रं शोधणाऱ्या वकिलाचं गाव

नोकरी-व्यवसाय सांभाळून संशोधन ही यवतमाळला नवी गोष्ट नाही. य. खु. देशपांडे इथले वकील. दिवसा कोर्ट आणि उरलेला वेळ महानुभाव पंथाच्या पोथ्या, असं त्यांचं आयुष्य. 1925 मध्ये त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ आलं आणि शतकानुशतकं सांकेतिक लिप्यांत बंद राहिलेल्या साहित्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं गेलं. त्यांच्या शारदाश्रम या संस्थेने यवतमाळसारख्या कापसाच्या गावात हस्तलिखितं आणि इतिहासाची साधनं गोळा करून ठेवली. वऱ्हाडातलेच वि. भि. कोलते मराठी शिकवत शिकवत महानुभाव साहित्यात उतरले, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याही मागे गेलं तर त्याच ‘लीळाचरित्रा’चे कर्ते म्हाइंभट भेटतात. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी तेराव्या शतकात ते माणसामाणसाकडे गेले. ज्याने जे पाहिलं, ऐकलं ते विचारून घेतलं आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर तो फरकही महानुभाव परंपरेने जपला. क्षेत्रकार्य, मुलाखत, पडताळणी, पाठभेद असे जे शब्द कोर्सवर्कमध्ये शिकवले जातात, त्यांचं सगळं काम मराठीच्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथात आमच्याच मुलखात, रिद्धपूरला झालेलं आहे. हे समजलं तेव्हा माझा एक न्यूनगंड गेला. संशोधन ही आपण दुरून आणायची वस्तू आहे, असं मला तोवर वाटत असे.

त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तो मिळवताना मराठीचं प्राचीनत्व सिद्ध करावं लागलं. तिच्या आजच्या बोली आणि शेजारभाषा नोंदवायचं काम अजून बरंच बाकी आहे, आणि ते करायला सर्वांत जवळ उभा असलेला माणूस शाळेतला भाषाशिक्षक आहे.

मास्तर विचारतो तेव्हा

जवळ असण्याची एक अडचणही आहे. अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी ती नेमकी मांडली : माणसं कुणी ऐकत नसताना कशी बोलतात ते आपल्याला हवं असतं, पण ते मिळवायचं तर आपल्याला ऐकावं लागतं. शिक्षकाच्या बाबतीत हा पेच दुप्पट होतो. मी ‘हे काय आहे?’ असं विचारलं की मूल परीक्षेला बसतं. ते बरोबर उत्तर शोधतं, स्वतःचा शब्द गिळतं. पहिल्या चार महिन्यांत मी जे ध्वनिमुद्रण केलं, ते जवळजवळ सगळं बाजूला ठेवावं लागलं. त्यात मुलं बोलत नव्हती, पाठ म्हणून दाखवत होती.

मग पद्धत बदलली. पोडाच्या नाईकांना भेटलो, चावडीवर बसून काय करणार आहे ते सांगितलं, पालकांची संमती घेतली. बारावी झालेला पोडावरचा एक तरुण सोबत आला. खरं तर तो या कामातला बरोबरीचा संशोधक. कोलामी त्याला येत होती, मला नाही. बारा-पंधरा वर्षं त्या मुलांना शिकवूनही मी त्यांच्या भाषेत पाणी मागू शकत नव्हतो, ही गोष्ट मला त्या चावडीवर पहिल्यांदा बोचली. रेकॉर्डर आम्ही आजीबाईंजवळ ठेवला. आजी नातवंडांना गोष्ट सांगणार, नातवंडं ती दुसऱ्या दिवशी शाळेत आपल्या मराठीत सांगणार. आजीची कोलामी आणि नातीची मराठी एकमेकांशेजारी ठेवली की वाट दिसू लागे : कुठला शब्द कुठून आला, कुठलं रूप कशाच्या आधाराने घडलं.

दिग्रस तालुक्यातली एक शिक्षिका याच सुमारास होळीच्या लेंगी गीतांवर काम करत होती. ती स्वतः तांड्यावर वाढलेली, मराठी शिकवणारी. तिची अडचण माझ्या उलट. मी बाहेरचा म्हणून मला ऐकू येत नव्हतं. ती घरातली म्हणून तिला सगळं इतकं ओळखीचं होतं की नोंदवण्यासारखं काही वाटतच नसे. तिच्या आईने एकदा तिला विचारलं, ‘हे तर आम्ही असंच म्हणतो, यात लिहायचं काय?’ त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी तिने एक आख्खं प्रकरण लिहिलं. दोन लेकरं, सासूचं आजारपण आणि शाळा या सगळ्यात तिला आठ वर्षं लागली. नियमांत स्त्रियांना दिलेली वाढीव वर्षं ही सवलत आहे असं कुणी म्हणालं की मला तिचा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलेला टिपणवह्यांचा गठ्ठा आठवतो. ती वर्षं तिने आधीच भरलेली असतात.

वर्गात परतलेलं संशोधन

इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात शिक्षकालाच संशोधक मानायला हवं, असा आग्रह धरला. अभ्यासक्रम कागदावर कितीही चांगला असला तरी वर्गात त्याचं काय होतं हे शिक्षकच पाहतो, म्हणून तपासणीही त्यानेच करावी, हा त्यांचा युक्तिवाद. आपल्याकडे डी.एड., बी.एड.ला कृतिसंशोधन असतं, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थाही ते करायला सांगते. ‘जीवन शिक्षण’ मासिकाची परंपरा तर 1861 च्या मराठी शाळापत्रकापर्यंत मागे जाते. म्हणजे शिक्षकाने लिहावं, शोधावं ही अपेक्षा आपल्या शिक्षणव्यवस्थेत जुनीच आहे. कमी आहे तो वेळ, आणि शिक्षकाने शोधलेल्या गोष्टीवर विश्वास.

मराठी विभागांतल्या प्रबंधांच्या याद्या मी शोधगंगेवर खूप पाहिल्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार आम्हा गावाकडच्या अभ्यासकांना वरदान आहे. ज्या प्रबंधासाठी पूर्वी एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुक्काम करावा लागला असता, तो आता पांढरकवड्यात मोबाइलवर उघडतो. त्या याद्यांत लेखकांच्या ‘समग्र साहित्याचा चिकित्सक अभ्यास’ पुष्कळ आहेत. वर्गात बसलेल्या मुलांच्या मराठीचा अभ्यास शोधायला वेळ लागतो. लेखकांवर लिहू नये असं माझं म्हणणं नाही. पण जो शिक्षक रोज चाळीस मुलांचं बोलणं ऐकतो, त्याच्याजवळ असं साधन आहे जे दुसऱ्या कुणाजवळ नाही. ते सोडून त्याने शंभरांनी हाताळलेलं साधनच का घ्यावं? गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड, आणि डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण या दोन्ही कामांनी दार उघडून दिलं आहे. आत जाऊन एकेका तालुक्याचं, एकेका शाळेचं काम करायला माणसं हवीत.

माझ्या वर्गात काय बदललं ते सांगतो, कारण संशोधनाचा हिशेब तिथेच द्यायला हवा. सहावीला आता वर्षाच्या सुरुवातीला एक तास ‘तुमच्या घरच्या भाषेत कसं म्हणतात’ यासाठी असतो. फळ्यावर तीन रकाने असतात : घरची भाषा, बाजारातली भाषा, पुस्तकातली भाषा. ‘वेचाले’ बाजारातल्या रकान्यात बसतं आणि ‘वेचायला’ पुस्तकातल्या. कुणालाच फुली मिळत नाही. लिंगाचा पाठ मी व्याकरणाच्या तक्त्यापासून सुरू करत नाही. कोलामीत दोन कप्पे कसे आहेत ते मुलांकडूनच काढून घेतो आणि मग विचारतो, मराठीने दुसऱ्या कप्प्याचे दोन भाग केलेत, कसे केले असतील? मुलांना हे कोडं आवडतं. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरकही असाच. ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे, हा भेद हिंदीत नाही, बहुतेक द्रविड भाषांत आहे, आणि मराठीत तो द्रविडांच्या शेजारामुळे आला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. ज्या पुस्तकी मराठीने मी त्या मुलांना मोजत होतो, तिच्यातही त्यांच्या भाषाकुळाचं देणं आहे. हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे सर, मराठीनंबी आमच्यातून घेतलं.’ त्या दिवशी तो वर्गात पहिल्यांदा न विचारता बोलला.

जिल्ह्यात हे एकट्याच्या हिकमतीवर राहू नये असं मनापासून वाटतं. त्यासाठी एवढंच हवं : संशोधनाला आठवड्याचा अर्धा दिवस, ठरावीक मुदतीत मिळणारं ना हरकत प्रमाणपत्र, जिल्ह्याच्या ठिकाणी शनिवार-रविवारी उघडी राहणारी संदर्भ-अभ्यासिका, आणि तयार प्रबंधाची एक प्रत ज्या गावात काम झालं तिथे द्यायची सक्ती. यात फार पैसा लागत नाही.

ती शेवटची गोष्ट मी स्वतःपुरती पाळली. व्हायवा झाली, पदवी मिळाली, आणि पुढच्या पावसाळ्यात बांधीव प्रबंध घेऊन पोडावर गेलो. परिशिष्टात आजीबाईंनी सांगितलेल्या शब्दांची यादी आहे. ‘माझं आय वेचाले गेलं’ लिहिणारी ती मुलगी आता मोठी झाली आहे. चावडीवर बसून तिने ती यादी मोठ्याने वाचली. बायका ऐकत होत्या, अधूनमधून हसत होत्या. रानभाज्यांच्या पानावर एका आजीने हात वर केला.

‘मास्तर, थे नोय हे. हे दुसरी भाजी हाय.’

मी एका भाजीचं नाव दुसऱ्याच भाजीपुढे लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी, परीक्षकांनी, मी स्वतः कितीदा तरी तपासलेलं पान होतं ते. आजी उठल्या, घरामागून दोन्ही भाज्यांची पानं तोडून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला लाल पेन काढून तिच्या हाती दिला. तिने आजीला पुन्हा एकदा विचारून घेतलं, माझ्या प्रबंधातल्या त्या शब्दाभोवती गोल केला आणि शेजारी बरोबर नाव लिहिलं.